सॉनातली वरची फळी

मिक्केलीजवळ, तळ्यावरच्या घरातून
जून, पहिला आठवडा

प्रिय एन्सिओभावजी यांस,

हिल्कावहिनीचा नमस्कार. तुम्ही, माझी जाऊ इर्या आणि तुमचा तो बहिरा कुत्रा, तिघंही खुशाल असाल. केमीला समुद्रावरचा बर्फ गेला की अजून तुकडे तरंगतायत? आमच्या तळ्यावरचा केव्हाच गेला, बटाटे लावून झाले, आणि डास नेहमीप्रमाणे पाहुण्यांच्या आधी आले. पत्राला तसं कारण काही नाही. (तुमच्या घराण्यात कारण असलं की असंच म्हणतात. इतक्या वर्षांत मीही शिकले.)

तर भावजी, तुमच्या बंधुराजांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. गेल्या शरदात कळलं. हाडांत थोडा उतरलाय, पण औषधाला दाद देतोय, डॉक्टर समाधानी आहेत. नाताळात तुमचा फोन आला तेव्हा मी ह्यांच्या शेजारीच उभी होते. हे म्हणाले, "बरं चाललंय." तुम्हीही म्हणालात, "इकडेही बरंच." मग दोघं हॉकीवर बोललात. फोन ठेवल्यावर हे मला म्हणाले, "एन्सिओला सगळं सांगितलं." मी कपाळाला हात लावला.

औषधाचं थोडं समजून घ्या, कारण पुढची सगळी फजिती त्यातूनच निघाली. हा रोग पुरुषांच्या हार्मोनवर पोसतो म्हणे. त्या रोगट पेशीत एक ठरलेली जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. हार्मोन त्या जागेवर येऊन बसला की पेशीला वाढायचा हुकूम मिळतो. म्हणून दुहेरी उपाय. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, त्याने अंगात हार्मोन तयार होणंच जवळजवळ थांबतं. आणि रोज दोन वेळा, जेवणाबरोबर, गोळ्या. त्या गोळ्या जाऊन ती जागा अडवून बसतात, म्हणजे उरलासुरला हार्मोन आलाच तर उभा राहतो. आमच्या डॉक्टर सालोवाराबाई (पोरगेलीच आहेत, पण हुशार) कुलूप-किल्लीचं चित्र काढून सांगत होत्या. ह्यांनी चित्र स्वतःकडे ओढलं आणि म्हणाले, "म्हणजे सॉनातली वरची फळी. तिथे बसेल त्याने तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ काढायची. गोळी तिथे बसते, पण पाणी टाकत नाही." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्याहून नीट मलाही सांगता येणार नाही." त्या दिवसापासून घरात ह्यांना कॅन्सरतज्ज्ञाचा मान द्यावा लागतो.

त्रास म्हणाल तर थकवा आहे, पोट सुटलंय, रेडिओवर टँगो लागला की डोळ्यांत पाणी येतं. आणि अंगातून वाफा येतात. बसल्या बसल्या मानेपासून टाळूपर्यंत लालबुंद, शर्ट ओलाचिंब. मला पन्नाशीत असंच व्हायचं, तेव्हा हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, "खिडकी उघड की." ज्याचं जळतं त्याला कळतं. मार्चमध्ये, बाहेर बर्फ पडत असताना, हे मला म्हणाले, "हिल्का, तुला हे असं व्हायचं?" मी म्हटलं, "हो. खिडकी उघडा." (उघडली. खिडकीतली माझी जिरेनियमची रोपं त्या गारठ्यातच गेली. ते असो.)

खरी गंमत मे महिन्यात झाली. उन्हाळ्यापुरतं इथे तळ्यावर राहायला आल्यावर पहिल्या शनिवारी शेजारच्या कौकोला घेऊन हे सॉनात गेले. तुम्हाला सांगायला नको, हे सॉनातून कधी कुणाच्या आधी बाहेर आले नाहीत. लग्नाच्या दिवशीसुद्धा माझे वडील आधी बाहेर आले, तेव्हाच त्यांनी ह्यांना जावई मानलं. त्या दिवशी कौकोने नुकतं एक पळीभर पाणी दगडांवर टाकलं होतं. बाहेरची वाफ वरून आणि आतली खालून, दोन्ही एकदम भेटल्या. दार उघडलं आणि हे उघडेवाघडे सरळ तळ्यात. मागून कौको आला, पायरीवर बसला, काही बोलला नाही. आपल्याकडे माणूस काही बोलला नाही म्हणजे काय समजायचं ते तुम्ही जाणताच. दुसऱ्या दिवशी त्याची बायको माझ्याकडे दालचिनीचे पाव घेऊन आली, मयताला आणतात तसे.

त्यानंतर हे सॉनाचं नावच काढेनात. मला वाटलं थकलेत. परवा कात्री सापडेना म्हणून मी ह्यांची गळांची पेटी उघडली, तर खोट्या माशांच्या खालच्या कप्प्यात गोळ्या! लापशीबरोबर घेतल्यासारखं करायचे आणि खिशात टाकायचे. का, तर जूनअखेर मध्य-उन्हाळ्याच्या सणाला एन्सिओ येणार, त्याच्यासमोर फळीवरून उठायची वेळ येऊ नये. मी इतकी चिडले, भावजी, आणि इतकी घाबरले, की आधी कशासाठी ओरडावं तेच कळेना. माझं माणूस जगावं म्हणून मी रोज देवाला हात जोडते, आणि हा माणूस दगडाच्या चुलीपुढे इज्जत राहावी म्हणून औषध माशांना घालतोय!

तडक दवाखान्यातल्या नर्स मेर्वीला फोन लावला आणि ह्यांच्या कानाला दिला. ती म्हणाली, "ताइस्तो, वाफा मुख्यतः इंजेक्शनच्या आहेत, ते अंगातच आहे. गोळी सोडून वाफा जायच्या नाहीत. फक्त जागा रिकामी होईल." हे म्हणाले, "म्हणजे मी उठलो की कौको बसणार?" मेर्वी पण आपल्या मातीतलीच, क्षणाचा उशीर नाही. "बसणार. आणि पाणीही तोच टाकणार." ह्यांनी फोन ठेवला, राय धान्याच्या पावाचा तुकडा कापला आणि माझ्या देखत गोळ्या गिळल्या.

बाकी सर्व क्षेम. सणाला येताना धुरावलेला सालमन मासा आणा, सणाच्या रात्रीच्या होळीची लाकडं इथे रचून ठेवली आहेत.

तुमची वहिनी,
हिल्का

ता. क. – खरं कारण आता लिहिते. सणाच्या सॉनात तुम्ही आधी बाहेर या. पाय वळला म्हणा, लघवीला लागली म्हणा, काहीही. ह्यांना कळता कामा नये. तुमचा मान तुम्हाला प्यारा आहे हे मला ठाऊक आहे, पण मला माझा नवरा प्यारा आहे.

दुसरा ता. क. – डॉक्टरबाई म्हणाल्या, सख्ख्या भावाने रक्त तपासून घ्यावं. टाळाटाळ करू नका, तुमचं घराणं मला माहीत आहे.

तिसरा ता. क. – चिकटवलेलं पाकीट पुन्हा फोडलंय. आत्ताच इर्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "वहिनी, या वर्षी ताइस्तोभावजींना सॉनातून जरा आधी बाहेर यायला सांगाल का? एन्सिओला हल्ली उष्णता सोसत नाही." मी म्हटलं, "कधीपासून गं?" ती म्हणाली, "नाताळाच्या आधीपासून." मी खुर्ची ओढून बसले. मग विचारलं, "गोळ्या जेवणाबरोबरच घेतात ना?" "हो," म्हणाली, आणि रडायला लागली. मीही रडले.

तेव्हा वरचे दोन्ही ता. क. रद्द. ह्यांना मी काही सांगितलेलं नाही, ते तुम्ही सांगायचं, शेजारी बसून. या वर्षी सॉना मी तापवणार आहे, आणि लाकडं मी घालणार, बेतानेच. वरच्या फळीवर दोघांनी हवं तितका वेळ बसा. पण तुमच्यापैकी एकानेही "आज सॉना गार आहे" असं म्हटलं, तर गाठ माझ्याशी आहे.