एका टोपात तीन लगनं

जव्हार,
मे महिन्याची चार तारीख

ढवळू यास तुळशीचा रामराम.

मी बरी आहे. आपला तुका, सून पुष्पा, नातू भावेश, सगळे बरे आहेत. काळी शेळी लंगडते, ते तिचं कर्म. सूर्यमाळला टँकर येतो की तुझी बहीण अजून झऱ्यावर हंडा घेऊन बसते, ते कळव.

हा कागद मंसूर लिहितो आहे. जव्हारच्या बाजारात लगनाची भांडी भाड्याने देतो तोच. मी बोलते, तो लिहितो आणि मध्येच पेन थांबवून हसतो. पाकिटावर नाव लागेल म्हणाला, "पण आजी, नवऱ्याचं नाव तोंडाने घ्याल का?" मी म्हटलं, घेते की. नाव न घेण्याचा नेम लगीन लागलेल्या बायांना. आमचं अजून कुठं लागलंय? तेव्हापासून तो हसायचा थांबलाय.

फोनवर तू नुसता हूं हूं करतोस, म्हणून कागद धाडते. कागदाला हूं म्हणता येत नाही. शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घे. दोनदा वाच म्हणावं.

तर भावेशचं लगीन धरलंय. पोरगी प्रमिला, दोन होळ्या झाल्या आपल्याच घरात नांदते. गुणाची आहे, फक्त मिठाला तिचा हात सैल. लगनं लावणाऱ्या कोंडीला विचारायला बोलावलं. ती ओट्यावर बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुकाचं लागलंय का?" पुष्पा खाली बघायला लागली. त्यांच्या वेळी गावजेवणाला भात नव्हता, पुढच्या साली करू म्हणता म्हणता पोराला मिशा फुटल्या. कोंडी म्हणाली, "आणि म्हातारीचं?" मी वर कौलं बघायला लागले.

"आज्याला हळद नाही, बापाला हळद नाही, मग नातवाला कशी लावू? वरून खाली यायचं, बाय. आधी तुझी."

म्हणजे मंडप एक, जेवण एक आणि लगनं तीन. पुष्पा म्हणते स्वस्तात पडलं. भावेश म्हणतो मित्रांना काय सांगू. मी म्हटलं, सांग की तुझी आजी तुझ्याआधी पाटावर बसली, तुझ्याहून घाई तिला होती.

खरी काळजी जेवणाची आहे. कणगीत भात आहे. घरचा आणि रेशनचा एकत्र करायचा, वरती घरचा पेरायचा म्हणजे वास येतो. तुरीची डाळ, त्यात भोपळा ढकलायचा. बसल्या बसल्या आधी नागलीची आंबील द्यायची, पोट अर्धं तिथंच गप्प होतं. पानं पळसाची. पुष्पा आणि प्रमिला रोज पत्रावळी लावतात. मोठा टोप घ्या, म्हणाला मंसूर. मी म्हटलं नको. मोठ्या टोपात भात तळाशी दिसतो, माणूस वाकून बघतो आणि त्याची भूक वाढते. लहान टोप दे, दोन-तीनदा शिजवू, पण शीग दिसली पाहिजे.

एवढं सगळं मी जमवलं आणि भावेशने काय केलं? पत्रिका मोबाईलवर चिकटवली. पूर्वी पाड्याला अक्षता जायच्या, कोण येणार ते कळायचं. आता ज्याच्या हातात मोबाईल त्याच्या पोटाला आमंत्रण. बोईसरच्या कंपनीतली पोरं येणार, भिवंडीची येणार. शिवाय त्याला डीजे पाहिजे. डीजे भात खात नाही हे खरं, पण भाताचे पैसे खातो. पोरगा रुसून बसलाय. बसू दे. रुसलेला माणूस कमी जेवतो.

आता तुझ्यापाशी काम काय, ते सांगते.

एक तर नवरदेव पाहिजे. या वयात दुसरा कुठं शोधू?

दुसरं, वाढणारा हात पाहिजे. टोपाने जेवण पुरत नाही, ढवळू, हाताने पुरतं. तू करवंटीचा डाव घेऊन पंगतीत उतरलास की म्हातारीला तिच्या माहेरचं विचारायचास, पोराला चिमटा काढायचास, पान भरलेलं दिसायचं आणि माणूस बोलण्याच्या नादात दुसऱ्यांदा मागायला विसरायचा. पाड्यातलं एक लगीन तुझ्या हाताखाली कमी पडलं नाही. तुका वाढायला उभा राहिला की घाबरून दोन-दोन डाव ओततो, तिसऱ्या पंगतीला टोप वाजतो. नवरदेवाने आपल्याच लगनात वाढायचं नसतं म्हणे. तू वाढ. मी काही माहेरी तक्रार करणार नाही.

तू म्हणशील, डाव टाकून मला किती वर्षं झाली.

मंसूर विचारतो, का टाकला? मी म्हटलं, तू लिही, विचारू नको. तर पेन खाली ठेवून बसलाय. चहा मागवलाय त्याने. आता तो येईपर्यंत मी काय करू?

लिही तर मग.

आमची रुपी होती. तुकाच्या पाठची. त्या साली आम्ही कणगी अशीच भरली होती, आमच्या लगनाची. भर पावसात पोरीला ताप आला. नदीला पाणी होतं, पलीकडे नेता आलं नाही. मग तिच्या दिवसकार्याला माणसं आली. लांबून आली, भिजून आली, त्यांना काय घालायचं? कणगी फोडली. याच माणसाने आपल्या हाताने वाढलं. कुणाला कमी पडलं नाही, काही उरलंसुद्धा. त्याच संध्याकाळी म्हणाला, "आपल्या नशिबी लगनाचा भात नाही, तुळशी. साठवला की तो दुसऱ्याच कामाला लागतो." बहिणीकडे कापणीला गेला तो तिकडचाच झाला. होळीला येतो, ओट्यावर बसतो, जेवतो, जातो. जशी मी खानावळ.

कणगी भरली की मलाही भीती वाटते. भावेश नुसता खोकला तरी मी उठून बघते. पण हा भात पाऊस लागेपर्यंतच आहे. मग आम्हीच तो खाऊन टाकू आणि पोराला मिशा पांढऱ्या झाल्यावर हळद लागेल, आपल्यासारखी.

तुला ओढून आणायला माझे गुडघे नाहीत. हळद एकोणीसला आहे. जेवण दुसऱ्या दिवशी.

तुझी कोण, ते तूच ठरव.
तुळशी
(अंगठा)

•

दाभोसा,
मे महिन्याची बावीस तारीख

भावेशच्या आजोबांस,

मंसूर भांडी न्यायला आलाय. टोप मोजून झाले, एक झाकण सापडत नाही. त्याला म्हटलं, झाकणाच्या बदल्यात कागद लिहायला बस.

सगळे खुशाल आहेत. हे आधी ऐक. भावेशला काही झालेलं नाही, प्रमिलाला नाही, कुणालाच नाही.

हळदीच्या सकाळी सूर्यमाळहून जीपवाला नवसू आला. मी लांबूनच बघत होते, मागच्या दारातून कोण उतरतंय. दोन कोंबड्या उतरल्या, एक मास्तर उतरला. मग नवसूने सीटखालून फडक्यात गुंडाळलेला तुझा डाव काढला. करवंटी नवी, दांडा तोच जुना, तुझ्या अंगठ्याने झिजलेला. म्हणाला, "म्हातारबाबांनी सांगितलंय, भात पोरांना खाऊ दे. मला पंगतीत धरू नका."

नवसूला बोलून काय उपयोग, तो भाड्याचा माणूस.

कोंडी डावाकडे बघत बसली. म्हणाली, "असं कधी केलं नाही." मग म्हणाली, "पण दुसरं करू तरी काय?" पाटावर माझ्या शेजारी डाव ठेवला. त्याला हळद लावली, मला लावली. बाया हसून हसून रडल्या. पुष्पा म्हणाली, "आई, नवरदेव बारीक आहे हो." मी म्हटलं, पहिल्यापासूनच. न खाणारा नवरा मिळाला, जेवणात एक पान वाचलं. मग तुका-पुष्पाचं लागलं, मग पोरांचं.

दुसऱ्या दिवशी जेवणाला डाळीला डाव पुरेनात. मंसूरचे होते ते स्टीलचे, पसाभर खोल, दोन पंगतीत डाळ संपवणारे. शेवटी मीच पाटावरून नवरदेव उचलला आणि तुकाच्या हातात दिला. खरं सांगते, त्याने डाळ ताणली. पण तुकाला चिमटे काढता येत नाहीत, माहेरचं विचारता येत नाही. तो नुसता खाली मान घालून वाढतो. बोईसरची पोरं मागतच राहिली. डीजे नव्हता, तरी चौथ्या पंगतीला टोप वाजला.

प्रमिलाच्या मामांना आंबीलच मिळाली. त्यांनी पान दुमडलं, हात धुतले, आणि मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

तुझं पान मी पहिल्याच वाफेला वाढून ठेवलं होतं. आत, कणगीपाशी, टोपलीखाली. पंगतीत धरू नका म्हणालास, म्हणून पंगतीत नाही ठेवलं. शेवटच्या खेपेनंतर नवसू आला. सकाळपासून पोटात काही नव्हतं त्याच्या. दारात उभा राहून म्हणाला, "आजी, राहू दे, घरी जेवेन." घर मोखाड्यापलीकडे त्याचं. मी टोपली उचलली.

"हे कुणाचं?"

"नवरदेवाचं. खा."

तो हात धुऊन पानावर बसला. मग खाल्लं त्याने. सगळं खाल्लं, पान पुसून. मी समोर बसून बघत होते.

सगळे गेल्यावर कणगीत हात घातला. बोटाला चार दाणे लागले, बस. भात लगनालाच गेला रे या वेळी. तुला हे सांगायचं होतं. म्हणून कागद. दुसऱ्या कुठल्या कामाला नाही लागला. आत्ताच तुझं नाव तोंडात आलं होतं, मंसूरचा हात धरला मी. आता नाही घ्यायचं. पाकिटावर तोच लिहील, मी त्या वेळी उठून बाहेर जाईन.

डाव धुऊन तुझ्या खुंटीला टांगलाय. तो मी कुणाच्या जीपमधून परत पाठवणार नाही. तू न्यायलाही येणार नाहीस, ते मला ठाऊक आहे. होळीला ओट्यावर बसशील तेव्हा आत मान वळवली तरी दिसेल, एवढ्या उंचीवर ठेवलाय.

जेवत जा.

तुझी लगनाची बायको
(अंगठा. शाई मंसूरची, पिवळं आहे ते माझं.)