साठवर अडकलेला काटा

रविवार, ३ मार्च. सकाळी ८.१०
आजपासून रोजनिशी. गाडीच्या स्पीडोमीटरची दुरुस्ती मी स्वतः करणार आहे आणि अशा कार्याची नोंद राहिली पाहिजे.
परिस्थिती: गाडी बावीस वर्षांची. इंजिन खणखणीत. काटा मात्र तीसच्या वेगाला वीस ते सत्तर असा कुठेही नाचतो आणि डॅशबोर्डातून सारखी चिरचिर येते. मंगळवारी, १२ तारखेला, लेकीची लायसन्सची परीक्षा याच गाडीवर. लायसन्स हातात असेल तरच १८ तारखेला हॉस्पिटलात रुजू होता येईल. घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घ्यायचे, अशी नोकरी. गाडी चालवता येणं ही अटच.
ही म्हणाली, चौकातल्या मीटरवाल्याकडे नेऊन टाका, तासाभराचं काम आहे. मी म्हणालो, प्रत्येक बिघाडासाठी दुसऱ्याच्या दारात जाणारा समाज एक दिवस स्वतःच्या पायावर उभं राहणंच विसरतो. वीस मिनिटं बोललो. ही म्हणाली, चहा गार झाला.
संकल्प: बुधवारपर्यंत काटा स्थिर.

सोमवार, ४ मार्च
अभ्यासाचा दिवस. वाचनालयातून मापनाच्या इतिहासावरचे तीन जाड ग्रंथ आणले. पहिल्याच्या नव्वदाव्या पानापर्यंत माणूस अजून पावलांनी जमीन मोजतो आहे. गाडी बहुधा तिसऱ्या ग्रंथात येईल.
लेकीनं गाडीच्या खणातली पुस्तिका चार मिनिटांत वाचली. म्हणाली, बाबा, केबलच्या आतली तार कोरडी पडली असणार. ती ओढून काढायची, पुसायची, थोडंसं ग्रीस लावून परत घालायची. फक्त वरचा वीतभर भाग कोरडा ठेवायचा, नाहीतर ग्रीस मीटरमध्ये चढतं.
वाचन वरवरचं असू नये, हे तिला समजावलं. ती हो म्हणाली. समजूतदार आहे.

मंगळवार, ५ मार्च
प्रत्यक्ष कार्यास आरंभ. सकाळभरात अकरा स्क्रू काढले. त्यातून रेडिओ निघाला. तो परत बसवला. आता लागत नाही, पण रेडिओवर हल्ली ऐकण्यासारखं असतं काय?
दुपारी मीटरच्या मागे हात घातला. सहज गेला. परत येईना. चाळीस मिनिटं तसाच. ही चहा घेऊन आली, मोकळा हात पोचणार नाही अशा ठिकाणी कप ठेवला आणि म्हणाली, आज कुठे बाहेर जायचं नाही ना तुम्हाला?
शेवटी लेकीनं खालून हात घालून माझं मनगटी घड्याळ सोडवलं. मग हात निघाला. तसा तो निघणारच होता.

बुधवार, ६ मार्च
सकाळी शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब मीटरच्या काचेच्या फटीत सोडले. गाडी फिरवून आणली. चिरचिर कायम. सुरात मात्र फरक वाटला.
दुपारी २ ते ४ कारणमीमांसा. (ही याला झोप म्हणते.)
४.३०. पुन्हा फेरी. आवाज नाही! काटा तीसला तीस, चाळीसला चाळीस. तेलाला मुरायला वेळ लागतो, हे सकाळीच लक्षात यायला हवं होतं. शास्त्रज्ञाला संयम हवा.
घरात येऊन जाहीर केलं. लेक मोरीत साबणानं हात घासत होती, कोपरापर्यंत काळे. सायकलची चेन पडली होती म्हणाली. सायकल आपण मागच्या महिन्यातच विकली, हे मला नंतर आठवलं. दुसऱ्या कुणाची असेल.
माय-लेकींनी एकमेकींकडे पाहिलं. काही लोकांना अभिमान बोलून दाखवता येत नाही.

गुरुवार, ७ मार्च
काटा अजून स्थिर. जेवताना यंत्र आणि मनुष्य या विषयावर बोललो. ही मध्येच उठून कपडे वाळत घालायला गेली, पण दार उघडं ठेवलं होतं.
संध्याकाळी लेकीनं गाडी चालवली. गिअर कधी बदलते ते कळतसुद्धा नाही. उतरताना म्हणाली, बाबा, आता मंगळवारपर्यंत त्याला हात लावू नका हं. बापाला विश्रांती मिळावी, ही भावना चांगली आहे.

शनिवार, ९ मार्च
वाचक मंडळात व्याख्यान दिलं. विषय: ‘आपला बिघाड, आपले हात.’ श्रोते अकरा. पैकी दोघं सभागृहाचा पंखा दुरुस्त करायला आले होते, पण त्यांनीही थांबून ऐकलं.
शेवटी तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, पुन्हा बिघडू नये म्हणून काय केलंत? उत्तर सविस्तर दिलं. घरी येताना ध्यानात आलं, की काहीच केलेलं नाही.
ही त्रुटी उद्या दूर करणार.

रविवार, १० मार्च
माय-लेकी नोकरीसाठी बूट आणायला बाहेर. संधी.
ग्रीसचा डबा घेतला. मीटरच्या मागे हात घालण्यापूर्वी घड्याळ काढून ठेवलं (अनुभव). केबल मीटरला जोडते तिथली टोपी फिरवून सोडवली. वीतभर कोरडा ठेवण्याबद्दल विचार केला. असली वाक्यं कंपन्या स्वतःच्या बचावासाठी लिहितात. जिथून आवाज यायचा, औषध तिथेच द्यायला हवं. छोटा डबा अख्खा संपवला.
कुणाला सांगितलं नाही. परीक्षेच्या दिवशी कळेलच.

सोमवार, ११ मार्च
गल्लीत दोन फेऱ्या. काट्यात गांभीर्य आलं आहे. सावकाश चढतो. उतरायला वेळ घेतो, पण चांगला वक्ता व्यासपीठावरून उतरायला वेळ घेतोच.

मंगळवार, १२ मार्च. दुपारी १
लिहावंसं वाटत नाही. शिस्त म्हणून लिहितो.
परीक्षक लेकीच्या शेजारी. मला मागे बसू दिलं. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी वेग साठपर्यंत न्यायला सांगितला. तिनं नेला. काटा साठवर गेला. मग तिनं गाडी हळू केली, वळवली, चढावर थांबवली, उलटी घेतली, दोन खांबांच्या मध्ये लावली. कुठे बोट ठेवायला जागा नाही. काटा साठवर.
परीक्षकांनी इंजिन बंद करायला सांगितलं. साठ. त्यांनी काचेवर टिचकी मारली. बासष्ट.
म्हणाले, बाई, तुमची काही चूक नाही. पण आपण उभे आहोत हे ज्या गाडीला माहीत नाही, तिच्यावर मी तुम्हाला पास कसं करू? पुढची तारीख २६.
नियमांमागच्या मानवी हेतूबद्दल मी त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. लेक म्हणाली, बाबा, राहू द्या.
घरी येईपर्यंत तीच चालवत होती. सगळा रस्ता बासष्टनं आलो.

संध्याकाळी ६
ही माझ्याशी बोलत नाही. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.
ग्रीसचं मी कबूल केलं. मग लेकीनं सांगितलं. बुधवारी दुपारी मी झोपलो होतो, तेव्हा तिनं तार काढली, पुसली, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे ग्रीस लावून परत घातली. सव्वा तास लागला.
मग सांगितलं का नाहीस, असं विचारलं. म्हणाली, फेरी मारून आलात तेव्हा तुम्ही शिट्टी वाजवत होतात. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा.
यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. बोललो नाही.

बुधवार, १३ मार्च
सकाळी लेकीनं हॉस्पिटलात फोन केला. १८ तारखेला रुजू व्हा म्हणाले, पण लायसन्स मिळेपर्यंत गाडी चालवायला कोण येणार त्याचं नाव कळवा. तिनं माझं नाव दिलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी प्रास्ताविक केलं असतं, हे तिला माहीत आहे.
मग दोघं मीटरवाल्याकडे. त्यानं मीटर उघडला, आत पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हणाला, हे कुणी केलं? मी म्हणालो, होता एक मेकॅनिक. तो म्हणाला, त्याला एकदा माझ्याकडे पाठवा, मला बघायचाय. लेक भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. एकच पान, बराच वेळ.
मी म्हणालो, मीच तो.
आयुष्यातलं माझं सर्वांत छोटं भाषण. मीटरवाला म्हणाला, ते तुमच्या नखांवरून कळलंच होतं. तुम्ही काय सांगता तेवढं बघत होतो.

सोमवार, १८ मार्च
सकाळी ७.१५ ला निघालो. काटा चाळीसला चाळीस. लेकीचे बूट नवे, करकर वाजतात. हिनं आज डबा दोघांचा दिला, म्हणजे बोलणं सुरू होईल असं वाटतं.
पहिल्या घरी एका आजींनी खिडकीतून विचारलं, गाडीत कोण गं? लेक म्हणाली, वडील आहेत, मला नेतात-आणतात. मी उतरून थोडी अधिक माहिती देणार होतो. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. दार पुन्हा लावून घेतलं.
दुसऱ्या घरापाशी पाऊण तास थांबायचं होतं. डावीकडचा वायपर किंचित वाकडा दिसला. दोन मिनिटांत सरळ झाला असता.
दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो.