बारा तारा, उलटा हात

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही म्हणून तू फुगून बसला असशील. आता फुगा फोडते, पण वाचताना आधी खाली बस.

गेल्या महिन्यात आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात माझा डावा हात कटिंग मशीनखाली आला. हात आहे, घाबरू नकोस. करंगळीशेजारच्या बोटाचं टोक गेलं आणि मधलं बोट शिवलंय, पण ते वाकायचं नाव घेत नाही. डॉक्टर म्हणाले, कप धरता येईल, बटण लावता येईल. गिटारचं विचारलं तर ते माझ्या नवऱ्याकडेच बघायला लागले.

तुला ठाऊकच आहे, माझ्या गिटारला सहा नाही, बारा तारा. सहा जोड्या. प्रत्येक बोटाखाली दोन-दोन तारा दाबायच्या, म्हणजे धडधाकट बोटांचाही कस लागतो. काल तिची पेटी उघडली. म्हाताऱ्या बँडवाल्याकडून आणली तेव्हाच ही गिटार आपल्या दोघांपेक्षा वयानं मोठी होती; आता पुढची फळी पार मधाच्या रंगाची झालीय. एक कॉर्ड धरायला गेले तर तारा नुसत्या खरखरल्या. पेटी लावून टाकली आणि भांडी घासत बसले. स्वच्छ होती, तरी घासली.

आमच्या गायनमंडळाचा वार्षिक कार्यक्रम जूनमध्ये आहे. इतकी वर्षं साथ माझीच. या वेळी शेवटी माझंच एक गाणं घ्यायचं ठरलं होतं, चाल माझी, शब्द माझे. आता चिटणीस म्हणतात की कीबोर्डवाला बोलवू. त्यांचंही चूक नाही. पण ते गाणं मी या बारा तारांसाठी रचलंय रे. कीबोर्डवर ते म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून चालण्यासारखं.

तूच गिटार घेऊन जा. परक्याकडे जायला नको.

माया आहे तशी असू दे. रागावला असशील तर थोडी जास्त कर.
तुझी,
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलोय. नावा-होड्यांच्या कारखान्यात दिवसभर रंधा मारतो, आज एवढा मारला की फळीचा पापुद्रा झाला. इतके दिवस मला कळवलं नाहीस, आणि कळवलंस ते गिटार घेऊन जा म्हणून! मी नेणार नाही. आमच्या घरात तिच्यावर कपडे वाळत पडतील.

आता सुताराचं डोकं काय म्हणतं ते ऐक. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट शाबूत आहे ना? तारा छेडायची नखी धरायला तेवढंच लागतं. उजवा हात तर अख्खाच्या अख्खा आहे. मग गिटार उलटी धर. उजव्यानं तारा दाब, डाव्यानं छेड.

त्यासाठी सगळ्या ताराही उलट्या लावायला लागतील आणि दोन्ही टोकांच्या खाचांच्या पट्ट्या नव्या लागतील. त्या मी हाडाच्या घडवतो. जुन्या पट्ट्यांवर कागद ठेवून पेन्सिल घास आणि तो ठसा मला पाठव. जोडीत बारीक तार आधी की जाड, तेही लिही. तारा काढताना एकदम सोडू नकोस; सगळ्या थोड्या थोड्या सैल करत जा. एवढ्या वर्षांचा ताण आहे, दांडीला दचकवू नकोस.

भाऊजींना सांग, ताईला भांड्यांपासून लांब ठेवा.

तुझा, रुसलेला पण कामाला लागलेला,
धाकटा

२२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पट्ट्या पोचल्या त्या दिवशी लिहिलं नाही, कारण तुला शिव्या द्यायच्या होत्या. दोन खाचा इतक्या जवळ होत्या की तारा एकमेकींना घासून कुरकुरत होत्या. मग पुन्हा ठसा पाठवून मागवलेली दुसरी पट्टी मात्र अशी बसली की जणू गिटार तिचीच वाट बघत होती. बारीक तार आधी, मग जाड, मी सांगितलं होतं तसंच. वरून हात फिरवला की आधी चमक, मागून घुमारा. तो आवाज ऐकला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच पाणी प्यायले.

पण वाजवणं? अरे, पाळण्यातलं मूल बरं! डोक्यात गाणं धावतंय आणि हात भलत्याच दिशेला. जी बोटं आयुष्यभर नुसती छेडत आली, त्यांना आता दाबायला सांगतेय. ती सुजली, सोलवटली, आता कुठे घट्टे पडलेत. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई आल्या. मला वाटलं भांडायला. त्या म्हणाल्या, रोज त्याच एका जागी अडखळता, ती जागा आता मलाही पाठ झाली. जरा हळू घेऊन बघा. हळू घेतलं. सुटली!

मंडळात मात्र फजिती झाली. तालमीत दुसऱ्याच गाण्याला हात चुकला आणि सगळे थांबले. चिटणीसांनी कीबोर्डवाल्याला येऊन जायला सांगितलंय. बाई, म्हणजे आमच्या गाणं बसवणाऱ्या, त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, दया म्हणून मी तुम्हाला घेणार नाही, मे अखेर ऐकते आणि मग सांगते. मला ते फार आवडलं. सगळे माझ्याशी इतकं गोड बोलतात हल्ली की तोंड कडू होतं.

तू येशील ना? जीव लाव, पण खाचांना अंतर ठेव.
ताई

१६ जून

प्रिय मेहुणेबुवा,
स. न. वि. वि.

तुमची बहीण लिहायला तयार नाही. म्हणते, स्वतःचं कौतुक स्वतः काय लिहू. तुम्हाला नाव पाण्यात उतरवायची म्हणून येता आलं नाही, तेव्हा हे काम माझ्याकडे. मी शाळेची बस चालवतो. सुरांतलं मला हॉर्नपलीकडे कळत नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

मे अखेर बाईंनी ऐकलं आणि कीबोर्डवाल्याला नको म्हणून कळवलं, हे तुम्हाला माहीत आहेच. काल सभागृह गच्च भरलं होतं. ती गिटार उलटी घेऊन बसली तेव्हा माझ्या मागे कुजबुज झाली. पहिलं गाणं सुरू झालं आणि कुजबुज संपली.

मग शेवटचं, तिचं गाणं. सुरुवातीला एकटी गिटारच. पहिल्या कडव्यात टण्णकन आवाज झाला आणि एक बारीक तार तुटून तिच्या मनगटावर आपटली. मी खुर्चीतून अर्धा उठलो. बाईंनी हात वर केला, थांबवायला. तुमच्या बहिणीनं मान हलवली, नाही म्हणून, आणि वाजवतच राहिली. उलट जोरात! गाणाऱ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि असा आवाज लावला की छताच्या काचा थरथरल्या. संपलं. आणि मग सगळं सभागृह उभं राहिलं. गाणं पुन्हा म्हणायला लावलं, अकरा तारांवर.

चिटणीस माझ्यापाशी येऊन म्हणाले, वहिनींनी आमचं तोंड बंद केलं. मी म्हटलं, माझं तर लग्नापासून बंद आहे. डोळे पुसत म्हटलं, म्हणून विनोद नीट जमला नाही.

लोभ आहेच, पुढच्या खेपेला नाव बुडाली तरी चालेल, तुम्ही या.
आपला,
भाऊजी

२५ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ह्यांनी फुगवून लिहिलं असेल. काचा थरथरल्या नाहीत. थोड्या हलल्या.

एक सांगायचं होतं. काल बाजारात एका अनोळखी बाईनं मला हाक मारून थांबवलं. हल्ली अनोळखी माणसं थांबवतात ती हाताची चौकशी करायला, म्हणून मी सवयीनं डावा हात खिशात घातला. तिनं हाताकडे बघितलंही नाही. विचारलं, पुढचा कार्यक्रम कधी?

अजून काहीच ठरलेलं नाही. पण मी ठणकावून तारीख सांगून टाकली. आता मंडळाला ती पाळावी लागेल, आणि मला तोवर नवं गाणं करावं लागेल.

तूही सुट्टी आत्ताच मागून ठेव. मायेची कमतरता नाही, जागेची पडेल.
तुझी,
ताई