कोनफळाचे तीन डबे

शेणवा, ता. शहापूर
१२ जानेवारी २००३

तीर्थरूप अक्का हिला,

धाकट्या चांगोचा पाया पडून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? मुरबाडला यंदा थंडी जास्त आहे म्हणतात, कानाला बांधत जा. आमी इकडे सगळी खुशाल आहोत, माझी तेवढी शोभा झाली. ती दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवतो.

आपली नम्रता आता कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या बाईंनी विज्ञान प्रदर्शनासाठी काम दिलं, की कोनफळ उकडलं, वाफवलं आणि निखाऱ्यात भाजलं, तर त्यातलं अँटिऑक्सिडंट कशात किती उरतं ते बघायचं. (हे काय असतं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "बाबा, अंगाला आतून गंज चढू नये म्हणून." मला तुझा गुडघाच आठवला.) उकडल्यावर पाणी जांभळं होतं ना, तो म्हणे त्यातला गुणच वाहून जातो. झालं! जे पाणी पोरीची आई हिरा इतकी वर्षं उकिरड्यावर ओतायची, ते ती मला पेला भरून पाजायला लागली. आठ दिवस मी जांभळ्या जिभेने गावात फिरलो.

नम्रताने तीन डबे भरून, वर चिठ्ठ्या चिकटवून फळीवर ठेवले होते. दुपारी मी शेतावरून आलो, घरात कोणी नाय, आणि भाजलेल्या कोनफळाचा तो वास! एक फोड खाल्ली. दुसरीला मीठ लावलं. मग डबाच रिकामा झाला. घाबरून मी उकडलेल्यातल्या अर्ध्या फोडी काढल्या, चुलीतली राख चोळली आणि भाजलेल्याच्या डब्यात भरल्या. (काम इतकं सफाईदार झालं, की मलाच कौतुक वाटलं.)

दुसऱ्या दिवशी पोरगी तोंड पाडून घरी आली. भाजलेलं आणि उकडलेलं सारखंच निघालं होतं. "माझंच कायतरी चुकलं. बाईंना सांगते, माझं नाव काढा," म्हणाली आणि न जेवता उठली. अक्का, तिने मला शिव्या दिल्या असत्या तर पचल्या असत्या.

सकाळी धुतलेला सदरा घातला, कॉलेजात गेलो आणि भर वर्गात बाईंना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "किती खाल्लंत?" मी म्हटलं, "सगळं." पोरं हसली. नम्रता भिंतीकडे तोंड करून उभी, खांदे हलत होते. मला वाटलं रडते. जवळ जाऊन बघतो तर तीच सगळ्यात जास्त हसत होती.

प्रयोग पुन्हा झाला. या वेळी मला अंगणाच्या पार टोकाला बसवलं होतं. सालीसकट भाजलेल्यात गुण सगळ्यात जास्त टिकला, मग वाफवलेल्यात. प्रदर्शनात दुसरा नंबर आला. तक्त्यावर तिने 'अडचणी' म्हणून लिहिलं होतं, 'पहिला नमुना वडिलांनी खाल्ला.' परीक्षक तेवढंच दोनदा वाचून गेले.

तुझा,
चांगो

ता.क. बाई म्हणतात, नम्रताला पुढे एम.एस्सी.ला मुंबईला ठेवा. हिरा नाय म्हणते. तू येऊन तिला समजाव, तुझा शब्द ती मोडत नाय.

आणखी ता.क. हिराने पत्र वाचलं, खरं लिही म्हणते. तिने हॉस्टेलचा फॉर्मपण आणून ठेवलाय. नाय म्हणणारा मीच आहे. तेव्हा मला समजवायला ये. लवकर ये. फार लवकर नको.