बाटलीवर न लिहिलेलं

ठाणे, ३ फेब्रुवारी २०२५

ती. कमूबाय हिस,
जिव्याचा सा. न. वि. वि.

पोशेऱ्यात फोनला रेंज नाही, म्हणून भागीमावशीच्या हाती पत्र आणि एक बाटली पाठवतो. चैतीला येणाऱ्या फिट्स गोळ्यांनीही थांबत नाहीत असं तू कळवलंस. नऊ वर्षांच्या पोरीने किती सोसावं! मी कामाला आहे त्या दुकानात हे तेल खूप खपतं. भांगेच्या झाडाचंच, पण नशा काढलेलं, सीबीडी म्हणतात. सांधे, झोप, फिट, सगळ्यावर चालतं असं शेठ सांगतात. गोळ्या चालूच ठेव आणि सकाळ-संध्याकाळ पाच थेंब जिभेखाली दे. जव्हारच्या डॉक्टरांना सांगत बसू नकोस, दुकानातल्या औषधाला ते नावंच ठेवतात.

भाचीला सांग, मामा आता अर्धा डॉक्टर झालाय. हसू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा जिव्या

जव्हार, २५ फेब्रुवारी

चि. जिव्यास,
अनेक आशीर्वाद.

चैती दवाखान्यात आहे. आज डोळे उघडून पाणी मागितलं, म्हणून लिहायला बसले.

पहिले आठ दिवस एकही फिट आली नाही. मी पाड्यावर तुझं कौतुक सांगत फिरले. मग हिला झोपच झोप. भाकरी खाता खाता ताटावर डोकं टेकायची. मला वाटलं, आराम पडतोय. शनिवारी ती उठेचना. जीपने इथे आणली.

गोळ्यांशिवाय काही दिलंत का, डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तुझं सांगणं डोक्यात होतं, आणि भीती. तिचा श्वास मंद झाला तेव्हा पिशवीतली बाटली काढून दिली.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. म्हणाले, काही प्रकारच्या फिटवर हे औषध देतात, पण मोजून, रक्त तपासत. चैतीच्या गोळ्यांचा जोर याने वाढतो. आत औषध किती, ते बाटलीवर कुठेच नाही. नशेचा अंश आहे का, तेही तपासल्याशिवाय कळणार नाही.

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. त्याहून जास्त स्वतःवर रागावलेय.

पत्र धाड.
तुझी बाय

ठाणे, ५ मार्च

ती. कमूबाय हिस,
सा. न. वि. वि.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. त्या बाटल्या दुकानाच्या मागच्या खोलीत मीच भरतो. कॅनमधलं तेल कधी दाट, कधी पातळ. लेबल मात्र एकच, ‘शुद्ध व सुरक्षित’. तेही मीच चिकटवतो, चैतीच्या बाटलीवरचंही. शेठना एकदा विचारलं होतं. कोण तपासतंय, म्हणाले. मी पुढची बाटली भरायला घेतली.

काम सोडलं. तक्रार द्यायला गेलो तर एका कचेरीत म्हणाले हे आयुर्वेदाचं, दुसरीत म्हणाले अन्नाचं, तिसरीत नशेच्या पदार्थांचं. आता एकाच अर्जाच्या तीन प्रती केल्यात, शिमगा झाला की तिन्हीकडे देईन. दुकानात येणाऱ्या एका आजींच्या गुडघ्यांना या तेलाने आराम पडतो, म्हणून बंदी घाला असं मी लिहिलं नाही. पण आत काय आणि किती ते तपासून छापायला लावा, कोणत्या गोळ्यांबरोबर घेऊ नये ते लिहायला लावा, आणि दाद कोणाकडे मागायची ते कायद्यात एकदा स्पष्ट करा, एवढं मागितलंय. लेबल मी चिकटवत होतो, हेही लिहिलंय. शेठ म्हणतात, या सहीने तूच आत जाशील. जाईन.

शिमग्याला यायचं तोंड नाही.

अजून भाऊ मानत असलीस तर दोन ओळी लिही.
जिव्या

पोशेरा, ९ मार्च

चि. जिव्यास,
अनेक आशीर्वाद.

चैती घरी आली. चालताना अजून भिंत धरते. मामा केव्हा येणार, म्हणून विचारत होती. मी तिला सगळं खरं सांगितलं. मामाला माहीत होतं का, तिने विचारलं. थोडं माहीत होतं, मी म्हटलं. मग म्हणाली, तरी येऊ दे.

अर्जावर तुझ्या सहीखाली माझी जागा ठेव. आईने डॉक्टरांना दोनदा खोटं सांगितलं, हेही त्यात घाल. ते गाळून अर्ज देऊ नकोस.

शिमग्याला ये. पोर भिंत धरून चालते ते तुला बघावं लागेल. मी रोज बघते.

तुझीच,
कमूबाय