माशांचं काम

२ ऑगस्ट, शनिवार

परत डोळा भरला! हुकाचा, माझा नाही. वीस नंबरच्या हुकाचं भोक ते केवढं — मुंगीलासुद्धा सुई ओवता येणार नाही. त्यात वॉर्निशचा थेंब गेला की पिसा-दोऱ्याची ती खोटी माशी बाद. भोकातून दोराच जाणार नाही, तर साहेबलोक ती गळाच्या काठीला बांधणार कशी? खैरुन्निसाबाजींनी भिंगातून पाहिलं आणि ट्रे माझ्याकडे सरकवला. "आँख भर दिये ना फिर से? मछली अंधी नहीं है मियाँ. तुम हो." बाजी हैदराबादच्या, आमच्या सुपरवायझर. त्या बोलल्या की लागतं, पण हसूही येतं.

एसी बंद. हवा आली की कोंबड्याची पिसं टेबलावरून उडतात. बाहेर रास अल खैमा भाजतंय, आत आम्ही उकडतोय — कुठल्यातरी थंडगार नदीतल्या माशाला खोटी माशी खरी वाटावी म्हणून! शिंक आली तर उठून दाराशी जायचं, असा नियम आहे. मला त्या नियमाच्या भीतीनंच शिंका येतात.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुबईतल्या देऱ्याहून केरूमामाचा फोन. हर्णैचं स्थळ आहे. मुलगी संजना, बी.ए. वडील धनंजयराव, घरच्या बोटी, बंदरावर वजन. "तू काय काम करतोस ते एका ओळीत लिहून पाठव, विघ्न्या. निबंध नको."

एका ओळीला अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी पाठवली: 'माशांच्या कंपनीत कुशल कारागीर, रास अल खैमा.' 'कुशल' आधी काढला, मग पुन्हा घातला. दहावी गणितानं अडवली, पण शुद्धलेखनात मला कुणी अडवून दाखवावं!

बोटीवाल्यांचं घर म्हणजे पंचाईत. आपण त्याच जातीचे, पण मला बोट लागते. धक्क्याला बांधलेली असली तरी लागते. म्हणून तर इकडे आलो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

निनाद सर आले होते. मालक. मूळचे पुण्याचे, राहतात जुमेरा लेक टॉवर्सला. दर वर्षी बर्फाच्या देशात जाऊन ट्राउट नावाचा मासा पकडतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. "इट्स नॉट अबाउट द फिश, विघ्नेश. इट्स मेडिटेशन." मी मान हलवली. मेडिटेशनला माशाचं तोंड कशाला फोडायचं, हे विचारायची हिंमत झाली नाही.

मग नवी काठी दाखवायला सगळ्यांना पार्किंगमध्ये नेलं. पहिलाच झोका — हुक थेट बाजींच्या ओढणीत! बाजी जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, छोड दीजिए. छोटी हूँ अभी."

मी ट्राउट अजून पाहिलेला नाही. बाजींनीही नाही. एवढे दिवस ज्याला फसवतोय त्याचं तोंड तरी एकदा बघायला हवं.

१० ऑगस्ट, रविवार

सुट्टी. देऱ्याला मामाच्या खोलीवर गेलो. व्हिडिओ कॉल. मागे इतरांच्या लुंग्या वाळत होत्या, त्यावर मामानं चादर टांगली. चादरीवर वाघ.

समोर धनंजयराव, त्यांची बायको आणि कडेला संजना. नारळी पौर्णिमा झालेली, बोटी निघालेल्या, म्हणून धनंजयराव खुशीत.

"काय विघ्नेशराव, तिकडे सुरमई काय भावानं?"

मला वाटलं, सहज विचारतायत. मी भाव आठवतोय तोवर मामा मध्ये घुसला. "पस्तीस दिरहॅम! म्हणजे आपले आठशेच्या वर!"

"आणि बर्फाचं कसं करता?"

बर्फ? मला वाटलं, उकाड्याचं विचारतायत. म्हटलं, "बर्फ नाही. एसीपण बंदच असतो."

"बंद? मग माल खराब नाही होत?"

"नाही. उलट एसी चालू केला की माल उडून जातो."

धनंजयराव हळूच म्हणाले, "उडून?"

"नेटवर्क! नेटवर्क!" मामा ओरडला आणि फोन पालथा घातला.

फोन सुलटा केला तेव्हा ते दोघं आपापसात बोलत होते. तेवढ्यात संजनानं विचारलं, "तिकडे जेवण कोण करतं?" म्हटलं, "मीच. वरण-भात. भाताला अजून अंदाज येत नाही." ती हसली. चिडवायला नाही — तिलाही येत नसावा तसं.

मला ती आवडली. हे लिहितानासुद्धा हात थांबला.

कॉल संपल्यावर मामा माझ्यावरच. "माल उडतो? शुद्धीवर आहेस ना?"

"मामा, ते मला मासळीवाला समजतायत!"

"मग तू कोण आहेस?"

दोन वर्षं! दोन वर्षं माझा सख्खा मामा मला मासळीवाला समजत होता! "सारखा हुक हुक करायचास. मी काय समजणार? आणि तूच लिहिलंस ना — माशांची कंपनी?"

मेसेज उघडून पाहिला. मासा — माशांची. माशी — माशांची. मराठीत दोन्हींचं एकच होतं! काना, मात्रा, अनुस्वार — एकही चूक नाही. आणि सगळंच चुकलं.

मामा म्हणतो, "लग्नापर्यंत गप्प बस. मग हळूहळू सांग. बायको काय, कशाचीही सवय करून घेते."

११ ऑगस्ट, सोमवार

आज एका माशीला तीन पंख लावले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

धनंजयरावांचा मेसेज: पुढच्या हंगामात आपला माल तुमच्या कंपनीकडे पाठवता येईल का? खाली हात जोडलेले.

म्हणजे मी गप्प बसलो तर हर्णैहून कोळंबीची खोकी येणार आणि बाजी ती भिंगाखाली धरणार.

खरं सांगितलं तर संजना जाणार. नाही सांगितलं तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जाणार. मामाला सांगितलं, रविवारी मी बोलणार. मामा म्हणाला, "इन्शाल्ला तुझा घसा बसेल."

१७ ऑगस्ट, रविवार

घसा बसला नाही.

डबीतून एक माशी नेली होती. मोराच्या पिसाचं अंग, राखाडी पंख, माझ्या हातची सगळ्यात देखणी. चिमटीत धरून कॅमेऱ्यासमोर नेली.

"काय दाखवताय?" धनंजयराव म्हणाले. "कचरा लागलाय का फोनला?"

"माशी आहे. खोटी. मी ह्या बांधतो. आमची कंपनी माशांची, म्हणजे मासे नव्हेत — माशा. त्या गळाला लावून परदेशातले लोक मासे पकडतात."

"बरं. मग मासे कुठे विकतात?"

"विकत नाहीत. सोडून देतात."

"कुणाला?"

"पाण्यात. परत."

धनंजयरावांनी चष्मा काढला. "पकडलेला मासा? जिवंत? परत पाण्यात?"

"फोटो काढून."

"कोण मेलंय त्यांच्या घरात?"

मामा कपाळाला हात लावून चादरीवरच्या वाघाच्या पोटाला टेकला. मी सांगत राहिलो — पीस, दोरा, वॉर्निश. थांबताच येईना. शेवटी धनंजयराव म्हणाले, "म्हणजे आमचा जावई दुबईत बसून माशा मारणार." त्यांची बायको पदर तोंडात धरून हसत होती. धनंजयरावांचा आवाज मात्र चिडका नव्हता. कुणाच्या आजारपणाची चौकशी करावी तसा होता. ते जास्त लागलं.

संजना हसत नव्हती. ती फोनच्या अगदी जवळ आली होती, स्क्रीनभर नुसता डोळा. माशी बघत होती. मग कुणीतरी फोन काढून घेतला.

१८ ऑगस्ट, सोमवार

मामाचा मेसेज: 'त्यांचा नकार आला. म्हणतात पकडून सोडणाऱ्यांचा धंदा किती दिवस चालणार. यल्ला, खलास. दुसरं बघू. पुढची ओळ मी लिहिन.' त्यात 'लिहीन'मधला 'ही' ऱ्हस्व. दुरुस्त करून पाठवायचीही इच्छा झाली नाही.

बाजींना सांगितलं. बाजी पीस निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रोना है तो दरवाज़े पे जाके रोओ बेटा. पर भीग गये तो माल गया." मग चहा आणून दिला, त्यांच्या स्वतःच्या थर्मासातला.

दिवसभरात एकही डोळा भरला नाही. आता काय करायचंय!

२० ऑगस्ट, बुधवार

अनोळखी नंबरवरून मेसेज आला. हर्णैचा.

'तुम्ही मासळीत असतात तर मी नाहीच म्हणणार होते. मला हे बंदर सोडून दुसऱ्या बंदरावर जायचं नव्हतं. आता बाबांनी नाही म्हटलंय. पण मला अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्ही विचारताय का? — संजना'

विचारलं. परत वाचून पाहिलं नाही. तसंच पाठवलं!