तुला अहो-जाहो केलं तो रविवार

आई, तुला अहो-जाहो मी आयुष्यात एकदाच केलं. एम.एस.डब्ल्यू.ला होते तेव्हा, कोल्हापुरात शिवाजी पेठेत खोली घेऊन राहायचे. संशोधन पद्धतीचे सर सांगायचे, प्रश्नावली आधी जवळच्या कुणावर तरी तपासून बघा. प्रश्न प्रत्येकाला त्याच शब्दांत विचारायचा आणि आपल्या चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही. माझा विषय यंत्रमाग कारखान्यांतल्या बायका. मग तुझ्यापेक्षा जवळचं कोण? रविवारी इचलकरंजीला आले. तू कारखान्यात मागाच्या सुताची कांडी भरून नुकतीच घरी आलेली, केसांत अजून कापूस, आणि लगेच भाकऱ्या थापायला बसलेली. मी वाचते, "तुमचं वय काय?" आणि तू पदर तोंडाला लावून हसतेस. "आता गं बया! पावणं आल्यात व्हय? इचारा की, इचारा." मीही हसायला हवं होतं.

थापता थापता तू नीट उत्तरं देत गेलीस, अगदी परक्या माणसाला द्यावीत तशी. मग मी वाचलं, "तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?" मला वाटलं पाठ म्हणशील, मागांच्या खडखडाटानं गेलेले कान म्हणशील. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "काय सांगू पावणं, एक लेक हाय माझी. कोल्हापुरात शिकती. घरला आली की परक्यावाणी बसती. तेवढंच लागतंय जिवाला." बघत माझ्याकडंच होतीस. मी "बरं" म्हणाले आणि पुढचा प्रश्न वाचला. काम अगदी चोख. सगळं संपल्यावर तू विचारलंस, "झालं व्हय गं तुझं? च्या टाकू?" मी म्हणाले, नको, बस चुकेल.

चेहऱ्यावर काही उमटू न देण्याची ती सवय काही सुटली नाही. तू गेलीस तेव्हा मी डॉक्टरांना क्रमानं प्रश्न विचारले, मामीला सावरलं, आल्यागेल्याला पाणी दिलं. बायका म्हणाल्या, पोरगी खंबीर हाय. खंबीर कसली डोंबलाची, मला काही वाटतच नव्हतं.

आता तोच विषय मी शिकवते. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, उत्तर देताना समोरची बाई रडली तर?" मी सांगितलं, पेन खाली ठेवायचं, पुढचा प्रश्न विचारायचा नाही. "आणि आपल्यालाच रडू आलं तर?" वर्ग हसला. मी म्हणाले, मला माहीत नाही. पोरींना वाटलं, मॅडम चेष्टा करतायत. खरंच माहीत नाही, आई. हे लिहिताना तरी येईल, म्हणून बसले होते. नाही आलं.